टीव्ही पारखायचा तो घरच्या उजेडात

महोदय,

सणांच्या दिवसांत टीव्हीच्या जाहिराती पानभर येतात. त्यांत इंच, मासिक हप्ता आणि ‘फोर-के’ ठळक असतात. चित्र कसे दिसेल हे ठरवणाऱ्या गोष्टी बहुधा नसतात. लॅमिंग्टन रोडवरचे दुकान असो की उपनगरातला मॉल, चित्र पारखायची सोयही क्वचितच असते. प्रखर दिव्यांखाली ओळीने लावलेले संच ‘स्टोअर मोड’वर चालू असतात. उजेड पूर्ण, रंग भडक, पांढऱ्यात निळी झाक, आणि पडद्यावर खास चित्रित केलेली फुले नि मासे. तिथे जो संच डोळ्यांत भरतो, तोच दहा बाय बाराच्या खोलीत रात्री डोळ्यांना खुपतो.

ग्राहकाने दुकानातच संच ‘होम मोड’वर घ्यायला सांगावे आणि सेट-टॉप बॉक्सवरून नेहमीची मराठी वाहिनी लावून मागावी. आधी चेहरे पाहावेत. ते केशरी किंवा गुलाबी दिसले तर रंग जास्त आहे. हळदीचा पिवळा आणि पैठणीची जर वेगवेगळी ओळखू यायला हवी. क्रिकेटच्या मैदानाचे गवत पोपटी चमकू नये. जुना कृष्णधवल चित्रपट तर उत्तम कसोटी, कारण त्यात रंग नाहीच. त्यातला राखाडी निळसर दिसला, तर संचाचा पांढरा चुकलेला आहे.

घरी जोडणी करायला येणारा माणूस टीव्ही भिंतीवर लावतो, वाहिन्या दाखवतो आणि निघतो. पिक्चर मोड ‘व्हिविड’ किंवा ‘स्टँडर्ड’वरच राहतो. तो ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’वर घ्यावा आणि रंगाचे तापमान, म्हणजे पांढऱ्यातली निळी-पिवळी झाक ठरवणारा पर्याय, ‘वॉर्म’वर. चित्रपट नि मालिकांचे रंग ६५०० केल्विनचा (केल्विन हे या तापमानाचे एकक) पांढरा धरून ठरवलेले असतात, त्याच्या जवळ बहुधा हेच मोड जातात. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल. डोळे निळसर पांढऱ्याला सरावलेले असतात. काही दिवस कळ काढावी.

सर्वांत मोठा घोळ ‘ब्राइटनेस’चा. बऱ्याच संचांत हा आकडा उजेड वाढवत नाही, काळ्याची पातळी वर-खाली करतो. उजेडासाठी ‘बॅकलाइट’ असतो. सोनीच्या अलीकडच्या संचांत मात्र ‘ब्राइटनेस’ म्हणजे उजेड, आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’. दुपारी खिडकीच्या उजेडात चित्र फिके वाटले की लोक चुकीचा आकडा वाढवतात, मग काळे केस राखाडी होतात नि सगळ्यावर धुके येते. रात्रीचा प्रसंग लावून काळ्या कोटाच्या चुण्या नाहीशा होईपर्यंत काळ्याची पातळी उतरवावी, मग त्या जेमतेम दिसू लागतील इतकीच चढवावी. ‘कॉन्ट्रास्ट’साठी पांढरे धोतर किंवा सदरा पाहावा, त्याच्या घड्या पुसल्या गेल्या असतील तर आकडा कमी करावा. हे करण्याआधी वीजबचतीचा मोड आणि ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ बंद करावेत, नाहीतर लावलेला हिशेब संच आपणच मोडत राहतो.

‘शार्पनेस’ वाढवून तपशील वाढत नाही, फक्त कडा गिरवल्या जातात. बातम्यांच्या खालच्या पट्टीतल्या अक्षरांभोवती पांढरी रेघ दिसली, तर ती जाईपर्यंत आकडा उतरवावा. काही संचांत तटस्थ जागा शून्य असते, काहींत ५०. ती पट्टी किंवा वाहिनीचे चिन्ह कडेला कापले जात असेल, तर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ चालू करावे.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) असतो. ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशा नावांची सोय मधल्या चौकटी स्वतः बनवून घालते. त्याने चित्रपट स्टुडिओतल्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो आणि हलत्या हाताच्या कडा फाटतात. चित्रपटाला ती बंदच हवी. क्रिकेटला थोडी चालेल.

आता मूळ दुखणे. साध्या एसडी वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. म्हणजे एका ठिपक्याचे वीस करायचे. चेहरे मेणचट दिसणारच, संच कितीही महाग असो. बॉक्स अजूनही पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलने जोडलेला असेल, तर एचडी वाहिनीसुद्धा तशीच दिसते. एचडीएमआय केबल लावावी, बॉक्सचे आउटपुट १०८० वर करावे आणि रोजच्या वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या घ्याव्यात.

मुंबईच्या घरांत टीव्ही समोरून एकटाच कुणी पाहत नाही. कुणी जमिनीवर, कुणी स्वयंपाकघराच्या दारातून पाहतो. एलसीडी पडद्याचे आयपीएस आणि व्हीए असे दोन मुख्य प्रकार. आयपीएस पॅनेलवर बाजूनेही रंग टिकतात, पण अंधारात काळा राखाडी पडतो. व्हीए पॅनेलचा काळा गडद, पण बाजूने चित्र फिकटते. ग्राहकाला हे आधी कळले पाहिजे. कंपन्यांनी पॅनेलचा प्रकार आणि पडद्याचा उजेड किती निट्स (उजेड मोजायचे एकक), हे जाहिरातीत छापावे. खोक्यावरच्या ‘एचडीआर’ (जास्त लखलखीत उजेड नि जास्त गडद काळा असलेले चित्र) या शिक्क्याने पुष्कळदा इतकेच कळते की संच तो सिग्नल स्वीकारतो. तीनशे निट्सच्या पडद्यावर त्याचा लखलखाट उतरत नाही.

आणि जोडणी करणाऱ्याने निघण्याआधी पूर्ण पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि राखाडी पडदा लावून दाखवणे बंधनकारक करावे. मेलेला ठिपका रंगीत पडद्यांवर आणि डागाळ पट्टे राखाडीवर तिथल्या तिथे दिसतात, आणि संच बदलून मिळण्याची मुदत तेव्हा हातात असते.

– एक वाचक, परळ, मुंबई