क्रुगरमधल्या आमच्या शेजाऱ्यांना

प्रिय अंकल आणि आंटी,

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण तुमचे आभार मानायचे आहेतच, पण आमच्या इकडून दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात भाड्याच्या गाडीने फिरायला निघणाऱ्यांपर्यंत तुमचं सांगणंही पोचायला हवं. तुम्हाला सगळं इंग्रजीत वेगळं कळवेन.

आम्ही ताडोबाच्या सवयीची माणसं. तिथे जिप्सीत ड्रायव्हर असतो, गाइड असतो. पगमार्क, म्हणजे पंजांचे ठसे, त्यांनी शोधायचे, कॉल, म्हणजे जनावरांचा धोक्याचा आवाज, त्यांनी ऐकायचा आणि आपण त्यांनी दाखवलं तिकडे बघायचं. क्रुगरमध्ये स्वतःच गाडी चालवत फिरता येतं म्हणून तर आम्ही ते निवडलं, कारण आईच्या गुडघ्यांना उघड्या जीपचे धक्के सोसत नाहीत. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, मुख्य रस्ते डांबरी, मुक्कामाला कुंपणाच्या आतले कॅम्प. फक्त गाडीत सांगणारं कोणी नाही. सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचं रान आणि हातात एक नकाशा! ती उणीव तुम्ही भरून काढलीत, आमच्या गाडीत एकदाही न बसता.

सातारा कॅम्पात (हो, तिथल्या एका मोठ्या कॅम्पचं नाव सातारा आहे) आईची साडी बघून आंटी आपणहून बोलायला आल्या. ती मांसाहार करत नाही हे कळल्यावर त्यांनी तुमच्या निखाऱ्यांवर तिच्यासाठी मक्याची कणसं भाजली. आणि अंकल, तुम्ही आमचा नकाशा टेबलावर पसरून आमचा दुसऱ्या दिवसाचा बेत पेनाने खोडलात. स्कुकुझा हा दुसरा मोठा कॅम्प तिथून नव्वदेक किलोमीटर, म्हणजे सकाळी जाऊन येऊ, असा आमचा हिशेब. डांबरी रस्त्यावर ताशी ५०ची मर्यादा, कच्च्यावर ४०ची. थांबत, बघत जायचं तर तासाला पंचवीसच धरा, असं तुम्ही बजावलंत. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, कॅम्पचं फाटक सकाळी ६ला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं, हेही दोनदा सांगितलंत. मग एस-१०० या कच्च्या रस्त्याला गोल केलात. त्या पूर्वेकडच्या बेसाल्टच्या सपाट भागात गवत कसदार, म्हणून झेब्रे, विल्डबीस्ट, रानम्हशी तिथे जास्त आणि त्यांच्या मागे सिंह. एखादी जागा चांगली का, हे आम्हाला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी तुमची गाडी पुढे, आमची मागे. काहीच दिसत नव्हतं अशा ठिकाणी तुम्ही थांबलात. इम्पालांचा (तिकडच्या हरणांचा) कळप चरायचा थांबून एकाच दिशेला बघत होता, आणि तुम्ही खिडकीतून तेवढंच बोटाने दाखवलंत. गाड्या आम्हाला ओलांडून जात राहिल्या. बऱ्याच वेळाने ओढ्याकडच्या गवतातून दोन सिंहिणी वर आल्या. आई आजही सिंहिणींच्या आधी त्या इम्पालांबद्दल सांगते.

पण माझं खरं देणं हत्तीचं आहे. डोळा आणि कानाच्या मधून ओघळलेला ओला पट्टा आणि मागच्या पायांवरून सतत ठिबकणारी लघवी दिसली की नर मस्तीत (माजावर) आहे असं समजा, हॉर्न वाजवू नका, पुढच्या गाडीला चिकटू नका, मागे जायला जागा ठेवा. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मी नुसतं ऐकून घेतलं होतं. तुम्ही डर्बनला परतल्यावर असाच एक नर रस्त्याच्या मधोमध आमच्याकडे चालत आला. मागच्या सीटवर आई होती. आमच्यामागे जागा होती, म्हणून गाडी हळूहळू मागे घेत राहिले, तो बाजूच्या मोपानीच्या झाडांत शिरेपर्यंत. अंकल, त्या क्षणी तुमचं प्रत्येक वाक्य मला आठवत होतं.

गेंड्याची गोष्टही इथे सांगायलाच हवी. कॅम्पातल्या फलकावर सिंह, बिबटे कुठे दिसले ते लावतात, गेंडे मात्र लावत नाहीत, शिकाऱ्यांना माग मिळू नये म्हणून. आमच्या मुलाने काढलेला गेंड्याचा फोटो बघून तुम्ही त्याला शेजारी बसवून फोटोतली जागेची नोंद कशी पुसायची ते शिकवलंत. इथून जाणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटच्या रात्री तुम्ही वडिलांबद्दल बोललात. वर्णभेदाच्या काळात या मोठ्या कॅम्पांमध्ये तुमच्या घरच्यांना मुक्काम करता येत नव्हता. ज्या जागेने तुमच्या वडिलांना दार लावलं, तिथे तुम्ही अनोळखी माणसांना हाताला धरून फिरवता. याबद्दल काय बोलावं ते मला तेव्हाही सुचलं नाही, आजही सुचत नाही. तुमच्याविषयीचा आदर मात्र तेव्हापासून मनातून हलत नाही.

आता तुम्ही आमच्याकडे यायचं. ताडोबाचं कोअर क्षेत्र पावसाळ्यात बंद असतं, मंगळवारी सुट्टी असते, आणि थंडी आल्हाददायक असली तरी वाघ बघायचा तर एप्रिल-मे बरा. ऊन चंद्रपूरचं, म्हणजे फारच, पण तेव्हा जनावरं पाण्यावर येतात. मोहर्लीच्या फाटकाजवळ राहू. परमिटं मी काढते, आंटींसाठी कणसं आई भाजणार आहे. तारखा कळवा.

तुमची,
साताऱ्यातली शेजारीण