फळीवरून

सांगली, सोमवार रात्री

चि. प्राजूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास. मीही जास्तच बोललो. आई म्हणाली, आता फोन नको, लिहा. खाण्यापिण्याचं अक्षर काढायचं नाही असं ठरवून बसलोय.

रविवारी तुझी वेटलिफ्टिंगची स्पर्धा. स्नॅचला, म्हणजे दांडी एका दमात डोक्यावर न्यायची त्याला, तुझे सर 38 किलोपासून सुरू कर म्हणतात, तुला 42 हवेत. सरांचं ऐक. स्नॅचच्या तिन्ही उचली हुकल्या तर दोन्ही प्रकारांची मिळून टोटलच लागत नाही, मग दुसरा प्रकार, जर्क, कितीही भारी होऊ दे. हे तूच मला शिकवलंस म्हणा.

पण 53 किलोच्या वजनगटातच कशाला गं? दीड किलो उतरवायला तीन दिवस नुसती काकडी? पहिलीच स्पर्धा आहे, वरच्या गटात खेळ. आपल्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं सोनं 1 किलोनं गेलं, असं तू ऐकवलंस. गेलं खरं, 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, 248 किलोला रौप्य, तेही जर्कच्या दुसऱ्या उचलीत कोपर दुखावल्यामुळं. पण तो किलो दांडीवरचा होता, पोटातला नव्हे.

बघ, सुरू झालो. माफ कर.

तू दुसरीत असताना मार्केट यार्डात माझा डबा घेऊन आली होतीस. हळदीचे सौदे चालले होते. काट्याजवळचं दहाचं माप दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचललंस आणि खाली ठेवेना. सगळे हमाल हसले. तळहाताला एकीकडे गंज, एकीकडे हळद, आणि तेच हात तू फ्रॉकला पुसलेस. आईनं मलाच झापलं. दिवाळीला आलीस तेव्हा तेच हात बघितले. दांडी धरताना अंगठा बोटांच्या आत दाबून धरता म्हणे, तिथली कातडी सोलली होती. मी काही बोललो नाही. यार्डात मात्र दोघा-तिघांना सांगितलं.

आता एक सांगतो, आईला लिहू नकोस. माझ्या कमरेचं तुला पाय घसरला म्हणून सांगितलंय. पाय घसरला नव्हता. आषाढी एकादशी होती, दोन चहावर होतो, ट्रकच्या फळीवर पोतं घेऊन चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली. पोतं अंगावर आलं. त्या दिवशी उपास आहे म्हणून मुकादमाला सांगायची लाज वाटली, बस्स. म्हणून तुझ्या काकडीचं ऐकलं की माझी झोप जाते. तू 53 मध्येच खेळणार असशील तर खेळ, पण चक्कर आली तर लाजू नकोस, सरांना सांग.

दादा म्हणतो, पप्पा, तिला तिचं कळतं. कळत असेल.

रविवारी मी पहाटेच्या एसटीनं येतोय. तू बोलावलं नाहीस तरी. मागं बसेन, ओरडणार नाही. वजन दोन तास आधी घेतात ना? आईनं डिंकाचे लाडू केलेत, दहीभातही देईल. डबा घेऊन दारातच उभा असेन. काट्यावरून उतरलीस की आधी बाहेर ये.

तुझे,
पप्पा