बाजार मांडलाय खरा

विक्रोळी, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "छंदाचा बाजार मांडलास म्हणे," आणि लगेच पावसाचं विचारलं. तेव्हाच कळलं, लागलंय. लोकांचे जुन्या मोडी लिपीतले कागद मी पैसे घेऊन देवनागरीत वाचून देते, हे वर्षभर मी बोलले नाही आणि तुम्हाला ते दादाच्या मुलीकडून कळलं, ही माझी चूक. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय.

मोडी शिकले ती काही कमावण्यासाठी नाही. ऑफिस फोर्टात, जेवणाच्या सुट्टीत चालत काळा घोड्यापर्यंत जाता येतं. तिथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, जुने सरकारी कागद जपणारं. मोडीचा वर्ग केला आणि मग वेडच लागलं. बोरू तासायला तुम्हीच शिकवला होतात, बाबा. आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची, मग अक्षरं तिच्याखाली एकाला एक जोडत लटकवायची. ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही. सकाळच्या स्लो लोकलमध्ये बसायला मिळालं की मोबाइलवर जुन्या कागदाचा फोटो उघडून वाचत बसायचे. घाटकोपर येईपर्यंत एक ओळ उलगडली तरी दिवस चांगला जायचा.

पैशाचं कसं सुरू झालं ते सांगते. आधी फुकटच करत होते. बाबा, चाळीत तुम्ही सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचात आणि कुणी नारळ आणला तर परत पाठवायचात, ते डोक्यात पक्कं होतं. पण फुकट म्हटल्यावर लोक एकदम चाळीस फोटो टाकायचे, अर्धे हललेले, एकात तर कागदावर चहाचा कप. मी रात्री जागून वाचून द्यायचे आणि तिकडून अंगठ्याचं चित्र. पानाला अडीचशे रुपये लावले तर माणसं कागद उजेडात धरून सरळ फोटो काढायला लागली, आणि चाळीसांतली नेमकी कुठली दोन पानं हवीत ते घरात बसून ठरवायला लागली. पैशापेक्षा मला हेच जास्त मिळालं.

दुसरं एक उशिरा कळलं. मी इन्स्टाग्रामवर बोरूने अक्षरं काढतानाचे व्हिडिओ टाकायचे. लोक 'वा वा' म्हणायचे, काम एकानेही दिलं नाही. मोडीचं वेड मला आहे, त्यांना कशाला असेल? त्यांना हवं असतं ते पणजोबांच्या कागदात काय लिहिलंय ते. म्हणून कुलवृत्तांत काढणाऱ्या घराण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकदा नमुना पाठवला, डावीकडे मोडी, उजवीकडे देवनागरी. त्या आठवड्यात अकरा पानं आली. बाकी लग्नपत्रिकेवर मोडीत नावं वगैरे असतं. एका मुलाने मनगटावर गोंदवायला आईचं नाव मागितलं, ते मात्र तीनदा तपासून दिलं. तिथे खोडरबर चालत नाही.

फजितीही ऐका. पुण्याच्या एका गृहस्थांचं वाटणीपत्र आलं, त्यावर सन १२६२. मी तो शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतला अरबी सन, धरला, इसवी सालासाठी त्यात ५९९ मिळवले आणि १८६१ लिहून मोकळी झाले. त्यांचा फोन आला, "अहो, पणजोबा १८५७ साली वारले. मेल्यावर निशाणी कशी केली?" तो फसली सन होता, महसुलाच्या हिशेबातला. त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १८५२. पैसे परत केले, कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. तेव्हापासून सन कुठला ते कागदातूनच पटल्याशिवाय इसवी साल लिहीत नाही.

आई, त्याच कागदाच्या शेवटी तुला आवडेल असं एक होतं. सही न येणारे शेतकरी नांगराचं चिन्ह काढायचे, 'निशाणी नांगर'. आणि खाली एका बाईची 'निशाणी बांगडी'. एवढासा गोल, थोडा तिरका. बाईचं नाव वाळवीने खाल्लंय, गोल तेवढा राहिलाय. मी बराच वेळ बघत बसले होते.

बाबांना वाटत असेल, आता नोकरी सोडेल. सोडणार नाही. आठवड्याला सहा पानं, रविवार सकाळ, बस्स. सातवं आलं तर पुढच्या आठवड्यात. महिन्याला पाच-सहा हजार सुटतात, त्यात घराचा हप्ता फिटत नाही. सेवेच्या कामाला वर्षाला वीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणजे माझ्याबाबतीत तो विषयच नाही. मिळालेले पैसे आयकराच्या विवरणात दाखवते, आणि ऑफिसकडून लेखी परवानगी घेतलीय. जमिनीच्या दाव्यासाठी दाखला मागणाऱ्यांना नाही म्हणते. एकाने तर 'एक ओळ आमच्या बाजूने घाला ना, कोणाला कळतंय' म्हटलं. त्याचे पैसे आले होते, ते तसेच परत पाठवले. बाजार मांडलाय खरा बाबा, पण वजनमाप तुमचंच आहे.

आणि आई, दादा तुझ्या मागे लागलाय ना, मेतकूट ऑनलाइन विक म्हणून? ऐकू नकोस. घरगुती असलं तरी खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी, पाकिटावर तारखा, पावसात मऊ पडलं की तक्रारी, आणि भाजायला उभी तू, गुडघे घेऊन. तुला मनापासून करावंसं वाटलं तर सगळी कागदपत्रं मी करीन. पण तुला ते शेजारी वाटायलाच आवडतं, आणि त्यात कमी काही नाही.

आता खरं काम. माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी आहे. बाबा, त्यातलं अक्षर वाचता येत नाही म्हणून तुम्ही ती कधी उघडत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुमच्या वेळी शाळेत मोडी राहिलीच नव्हती, त्यात तुमचा काय दोष? गणपतीला येतेय, तेव्हा दोघं मिळून उघडू. तोवर कुणाला कागद लॅमिनेट करू देऊ नका, फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, वाळवीचं औषध थेट कागदांवर मारू नका. पेटी भिंतीपासून हातभर सरकवून चार विटांवर ठेवा, म्हणजे ओल चढणार नाही. विटा मात्र गड्याकडून उचलून घ्या, तुम्ही उचलू नका.

गुडघ्याचं तेल दादाबरोबर पाठवलंय.

तुमची,
धाकटी