पुरातत्त्वाचं प्रात्यक्षिक काढून टाकू नका

महोदय,

माझा मुख्य विषय रसायनशास्त्र आणि मायनर, म्हणजे दुय्यम विषय, पुरातत्त्व. 'क्रेडिट भरायला बरा विषय' म्हणून तो मला सुचवला गेला होता. आता आमच्या महाविद्यालयात त्याचं प्रात्यक्षिक बंद करून नुसती थिअरी ठेवायचं घाटतंय. कारण काय, तर विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांशी वेळ जुळत नाही.

पहिल्या प्रात्यक्षिकाला बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक खापर दिलं. टूथब्रशने, हलक्या हाताने धुवायचं, मोडलेली कड घासायची नाही. आतून बोट फिरवलं तर चाकावर मडकं ओढताना उमटलेल्या बारीक रेघा लागत होत्या. मोडलेल्या कडेला बाहेरून तांबडं, मध्ये काळं, आत पुन्हा तांबडं. असं का, हे बाईंनी विचारायच्या आत मला कळलं होतं. भाजताना मधल्या भागापर्यंत ऑक्सिजन पोहोचला नाही, तिथला कार्बन जळायचा राहिला. बाहेरच्या आणि आतल्या बाजूला मात्र मातीतल्या लोहाचं ऑक्साइड होऊन तांबडा रंग आला. ऑक्सिडीकरण मी शाळेपासून पाठ करत आले होते, समजलं त्या दिवशी.

मग खापर उत्खननाच्या कोणत्या चरात आणि मातीच्या कोणत्या थरात सापडलं, तो क्रमांक त्यावर शाईने घालायचा. मी घाईत थर लिहायचा विसरले. बाई म्हणाल्या, "सरावाचं आहे म्हणून ठीक. उत्खननात थर हरवला, तर हातात नुसता मडक्याचा तुकडा उरतो." खणलेला थर पुन्हा रचता येत नाही, त्यामुळे नोंद चुकली की कायमची चुकली. प्रयोगशाळेत माझी वही तेव्हापासून बदलली आहे.

जुन्या वस्तूंचं वय काढायची कार्बन-१४ ची पद्धत शोधणारे विलर्ड लिबी रसायनशास्त्रज्ञच. १९४९ मध्ये त्यांनी ती वय आधीच माहीत असलेल्या वस्तूंवर पडताळली, त्यात इजिप्तच्या थडग्यांतलं लाकूडही होतं. १९६० मध्ये नोबेल मिळालं. आमच्या पुस्तकात यातलं ५७३० वर्षांचं अर्धायुष्य (कार्बन-१४ निम्मा उरायला लागणारा काळ) आणि त्यावरचं गणित तेवढं आहे. पण जुन्या घराची तुळई काढून नव्या घराला लावली असेल, तर येणारं वय लाकडाचं असतं, घराचं नाही. हे मला पुरातत्त्वाच्या तासाला कळलं, आणि उत्तर बरोबर येऊनही निष्कर्ष चुकतो कसा, तेही.

वनस्पतिशास्त्राच्या मैत्रिणीने माती पाण्यात कालवून वर तरंगणारे जळके दाणे चाळणीत धरले आणि भिंगाखाली ओळखले. तिच्यासाठीही हा तास असाच मोलाचा आहे.

वेळ जुळत नसेल तर वेळापत्रक बदलावं. आठवड्यातली एक दुपार सर्व शाखांना मोकळी ठेवली, तरी पुरे. सरावाच्या खापरांची पेटी सध्या विभागाच्या कपाटात बंद आहे. पुढच्या वर्षी मायनर घेणाऱ्यांना ती उघडून मिळावी, एवढीच विनंती.

— रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी