सात रिकाम्या जागा

सोलापूर, १८ जानेवारी

चि. राणी,
अनेक आशीर्वाद.

परवा हुतात्मा एक्स्प्रेस सुटली तेव्हा तू खिडकीतून हात केलास की नाही, मला नीट दिसलं नाही. आई म्हणते केलास. मी मानून घेतलं. गड्ड्याच्या जत्रेला चार दिवस आलीस आणि शेवटच्या रात्री ताटावरून उठलीस, तेवढं पुरे झालं. म्हणून गोळ्यांचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

तुझ्या नव्या कादंबरीची प्रुफं वाचून झाली. कंपाउंडरलाच खुनी केलंस! काकू म्हणाली, बापावर सूड उगवला पोरीनं. मला तर मजा वाटली. एकच चूक सापडली. तुझी गोष्ट १९८५ ची आहे आणि तुझा दुकानदार झोपेच्या गोळ्या देताना एच-वनचं रजिस्टर उघडतो. ते वेगळं रजिस्टर २०१४ पासून आलं. पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. गोळ्यांच्या पट्टीवर ती लाल चौकट उगीच छापलेली नसते.

तुझ्या पट्टीवरही होती. दहातल्या सात जागा रिकाम्या. तुझं नाव कुठल्या रजिस्टरात आहे, की कुणी चिठ्ठीशिवायच दिल्या?

असू दे. नाही काढायचा म्हणालो होतो.

त्या मुलाखतीत रहस्यकथेचं वेड कुठून लागलं असं विचारल्यावर तू अर्नाळकर, शिरवळकर अशी नावं घेतलीस. खरंच आहे ते. हिराचंद नेमचंद वाचनालयातून झुंजार आणि काळापहाड मीच आणायचो, आणि तू शिरवळकरांच्या दारा बुलंदवर गेलीस तेव्हा परीक्षेच्या दिवसांत ती पुस्तकं औषधांच्या खोक्यात लपवायचोही मीच. पण काउंटरखालच्या पोत्यावर बसून विड्या वळणाऱ्या बायकांचं तेलुगू-मराठी बोलणं ऐकायचीस, ते सांगितलं नाहीस. एक बाई आठवड्यात तिसऱ्यांदा नवऱ्यासाठी म्हणून झोपेचं औषध मागायला आली होती. मी नाही म्हटलं. ती गेल्यावर तू म्हणालीस, "बाबा, नवरा नाही जागत, तीच जागते. डोळे बघितले का?" नऊ वर्षांची होतीस. मी ही गोष्ट गल्लीत किती जणांना सांगितली असेल!

आता तुझे डोळे मी बघितले, तर राग आला तुला.

अगाथा ख्रिस्तीबाईंचं मी तुला सांगायचो, ते तू अजून धरून आहेस याचं बरं वाटतं. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात ती औषधं तयार करायला बसली, १९१७ मध्ये त्याची परीक्षा पास झाली, आणि १९२० मध्ये पहिली कादंबरी आली. विष कुठलं, तर स्ट्रिक्निन, म्हणजे आपल्या कुचल्यातलं. औषधवाल्यांच्या नियतकालिकानं त्या पुस्तकाचं कौतुक केलं होतं. समीक्षकाच्या शाबासकीपेक्षा मला ती मोठी वाटते, कारण बाटली हलवून द्यायची की नाही हे आमच्याच लोकांना कळतं. तिच्या ७३ वह्या शिल्लक आहेत म्हणतात, खुनाच्या आराखड्याशेजारी घरच्या सामानाच्या याद्या. तू तर आपल्या उधारीच्या वहीतच मागून लिहायला लागलीस. "संशयित ३" च्या खाली कुणाचे तरी ४२ रुपये बाकी आहेत. अजून खोडलेले नाहीत मी.

पण रात्री दोन ते पाच लिहायचं हे कुणाकडून घेतलंस? रहस्यकथा लिहिणारी पी. डी. जेम्स इस्पितळाच्या कचेरीत नोकरी करायची, घरी आजारी नवरा, दोन मुली. ती पहाटे उठून लिहायची आणि मग कामाला जायची. पहिली कादंबरी १९६२ मध्ये आली, बेचाळिसाव्या वर्षी. तुझ्या हातात अजून आठ वर्षं आहेत, कुणी मागे लागलंय का? तो सिमेनॉन अकरा दिवसांत कादंबरी उरकायचा, पण बसण्याआधी डॉक्टरला बोलावून रक्तदाब बघून घ्यायचा. तू शेवटचा कधी बघितलास? आणि त्या गोळ्या मनानं घ्यायच्या नसतात तशा मनानं एकदम सोडायच्याही नसतात. डॉक्टरला विचारून हळूहळू...

झालं सुरू माझं. माफ कर. पस्तीस वर्षं काउंटरच्या या बाजूला उभं राहिलेला माणूस दुसरं काय बोलणार.

मला एक सुचलंय. हसू नको. आपल्या गल्लीत रात्रभर यंत्रमागांची खडखड असायची आणि तू ढाराढूर झोपायचीस. लाइट गेली, माग थांबले, की मात्र सगळी गल्ली उठून बसायची. तू तर रडायचीस. कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये पंख्याशिवाय काहीच ऐकू येत नाही, मी तिथे दोन रात्री टक्क जागा होतो. समोरचे सहा माग अजून चालतात, बाकीचे भंगारात गेले. काल रात्री अंगणात उभं राहून वीस मिनिटं आवाज मोबाइलवर घेतलाय. आईच्या फोनवरून पाठवतो. मधे माझा खोकला आहे.

वाचनालयात तुझं पुस्तक जागेवर नसतं, कुणीतरी नेलेलं असतं. मी मुद्दाम जाऊन विचारतो. तो मुलगा आता मला बघितलं की आधीच मान हलवतो.

नानांचं तुला कधी सांगितलं नाही. त्यांच्या उशाखालच्या पट्टीवरच्या जागा कुणी मोजल्या नव्हत्या. मीही नाही, आणि दुकान तर माझंच होतं. इतकंच.

आई हाक मारतेय, पाचव्या दिवशी नळाला पाणी आलंय. पिंप भरायचंय.

तुझा
बाबा

ता. क. पर्स का उघडली म्हणून विचारलंस तेव्हा मी गप्प बसलो. शेंगाचटणीची पुडी ठेवत होतो. मधल्या कप्प्यात आहे, तेल सुटायच्या आत डब्यात काढ.