शनिवारी रात्री बोटीवर झोपणार आहे, म्हणून हे पत्र

प्रिय आई-बाबा,

फोनवर नीट बोलणं झालंच नाही. आई तू 'रात्रीचं पाण्यावर कशाला झोपायचं' इथेच अडकलीस आणि बाबा नुसते हसत होते, म्हणून लिहूनच टाकते. शनिवारी आम्ही दोघी शिडाच्या छोट्या बोटीने खाडीत आत जाणार, नांगर टाकून बोटीतच झोपणार, रविवारी परत. बोट १६ फुटांची, केबिन वगैरे काही नाही, शिडाच्या आडव्या दांड्यावरून ताडपत्री टाकली की झाला तंबू. आणि अंधारात बोट चालवणार नाही, उजेड असतानाच जागा धरायची.

सगळी मदार नांगरावर आहे. तो नुसत्या वजनाने धरत नाही, तळाशी आडवा ओढला गेला तरच रुततो, म्हणून दोरी भरपूर सोडावी लागते. समजा पाणी ३ मीटर आणि बोटीचं नाक पाण्याच्या वर १ मीटर, तर ४ च्या सातपट म्हणजे २८ मीटर दोरी! खोली मात्र भरतीची धरायची, ओहोटीची धरली तर रात्री पाणी चढल्यावर दोरी कमी पडते आणि नांगर सुटू शकतो. एवढ्या दोरीवर बोट वाऱ्याप्रमाणे गोल फिरते त्यामुळे आजूबाजूला तेवढी मोकळी जागा हवी. मोबाईलमध्ये अलार्म असतो, बोट सरकली की वाजतो, पण मी तरी मधेमधे उठून बघणारच, माझा नाही त्याच्यावर पूर्ण भरवसा. रात्रभर वर पांढरा दिवा लावायचा, चारी बाजूंनी दिसेल असा.

आई, लाइफ जॅकेट रात्री उठतानाही घालणार. अर्धवट झोपेत काठाशी जायचंच नाही, त्यासाठी बादली आहे (हसू नकोस). स्टोव्ह ताडपत्रीच्या आत अजिबात नाही, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, कळतही नाही. आणि ताडपत्री दोन्ही टोकांना उघडी ठेवणार, नाहीतर आपल्याच श्वासाचं पाणी होऊन सकाळी अंगावर टपकतं. झोपायचे कोरडे कपडे वॉटरप्रूफ बॅगेत वेगळे, दिवसभर त्यांना हात लावायचा नाही.

बाबा, तुम्हाला खरं काम आहे. कुठून निघणार, कुठे थांबणार, बोटीचा रंग, दोघींचे नंबर, सगळं वेगळ्या मेसेजमध्ये पाठवते. रविवारी दुपारी ४ पर्यंत माझा फोन यायला हवा. नाही आला तर आधी आम्हा दोघींना लावून बघा, रेंज नसली की उशीर होतो, पण ६ वाजले तरी पत्ता नाही तर सरळ कोस्ट गार्डला कळवायचं, तेव्हा 'उगाच कशाला त्रास' असला विचार करायचा नाही. वारा जास्त सांगितला तर आम्ही निघणारच नाही, तसंही कळवेन.

आणि प्लीज, रविवारी मोबाईल सायलेंटवर नको.

तुमची,
धाकटी