शास्पो आणि कुकरची रिंग

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले आणि मी नुसता थम्ब टाकून गप्प बसलो म्हणून तू चिडला असशील, पण आज सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बस. केळकर म्युझियममध्ये आपण तोड्याच्या बंदुकांसमोर तासभर उभे होतो आणि शेवटी वॉचमननं बाहेर काढलं, आठवतंय? तसंच काहीसं परवा रविवारी झालं, फक्त इथं कोणी हाकललं नाही.

इथं फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळच्या एका गावात जुना बाजार भरतो. कपबश्या, तुटकी घड्याळं, कोणाच्या तरी आजीची भरतकामाची चादर, आणि मधेच एका म्हाताऱ्याच्या टेबलावर आडवी ठेवलेली लांबच लांब रायफल. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "शास्पो!" म्हणजे त्या जुन्या फ्रेंच लष्करी रायफलचं नाव. स्पेलिंग वाचशील तर चासेपोट म्हणशील, मीही आधी तेच म्हणायचो. इथं १९०० च्या आधीची बहुतेक हत्यारं सज्ञान माणसाला लायसनशिवाय घेता येतात, त्यामुळे ती भांड्यांच्या शेजारी निवांत पडलेली असतात.

त्यानं मला हातात दिली. दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत १.३१ मीटर, म्हणजे आपल्या छातीपर्यंत येते, आणि वर संगीन लावली की माझ्याहून उंच. संगीन पण बघ काय, पितळी मूठ आणि पातं मधे वाकवलेलं, याताघान नावाच्या तुर्की तलवारीसारखं. म्हातारा म्हणाला आधी मागचा खटका अंगठ्यानं ओढ, मग बोल्टचा दांडा वर करून मागे घे. केलं, आणि काय सांगू, दीडशे वर्षांचं लोखंड असं सरकलं की आपल्या सोसायटीचं गेट लाजेल.

आता खरी गंमत. ही ठासणीची नाही, मागून भरायची. काडतूस कागदाचं, वर रेशमी जाळीचं वेष्टण, आत काळी दारू आणि पुढे ११ मिलिमीटरची शिशाची गोळी. चाप ओढला की लांब सुई काडतुसाच्या बुडातल्या कॅपवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, आदळते. (कागदी काडतूस म्हटल्यावर तुला १८५७ आठवणार, पण हे दातानं फोडायचं नाही, अख्खंच आत सरकवायचं.) सुईची आयडिया प्रशियाच्या (तेव्हाचं बलाढ्य जर्मन राज्य) ड्रायझे नावाच्या बंदूकवाल्याची, पण त्याच्या बंदुकीत कॅप गोळीच्या बुडाशी, म्हणजे सुई दारूतून आरपार जायची आणि जळून खराब व्हायची, शिवाय मागून एवढा गरम गॅस फुसकायचा की शिपाई तोंड वाचवायला कमरेवरून गोळी झाडायचे. मग नेम कसला?

ज्याच्या नावाची ही बंदूक त्या शास्पोनं काय केलं, बोल्टच्या पुढच्या टोकाला रबराची जाड रिंग बसवली. गोळी सुटली की दाबानं रिंग फुगते आणि फट बंद. म्हणजे आपल्या कुकरची रिंग रे! आणि रोगही तोच, उष्णतेनं कडक व्हायची, चिरायची, मग गॅस बाहेर. म्हणून शिपायाजवळ जादा रिंग आणि जादा सुई दिलेली असायची. म्हाताऱ्याच्या बंदुकीत रबर कधीच गेलं होतं, खाचेत काळा चुरा तेवढा. मी नखानं खरवडला तर ओरडला माझ्यावर.

आता हा माणूस. आंत्वान आल्फोन्स शास्पो, जन्म १८३३, गाव मुत्झिग, इथून रेल्वेनं हाकेच्या अंतरावर. बाप बंदूक कारागीर, गावातच सरकारी हत्यारांचा कारखाना, म्हणजे पोरगा कानशीच्या आवाजात वाढला. पुढे सरकारी नोकरीत, पॅरिसच्या वर्कशॉपमध्ये बंदुका तपासायचा आणि १८५० च्या दशकापासून आपलं डिझाईन घासत बसला. सरकारला घाई नव्हती. मग ३ जुलै १८६६ ला प्रशियानं सादोव्हाच्या लढाईत ऑस्ट्रियाला धूळ चारली, त्यात ड्रायझेच्या सुईबंदुकांचा गवगवा झाला, आणि पॅरिसमध्ये एकदम धावपळ, ३० ऑगस्टला शास्पोची बंदूक मंजूर. इतकी वर्षं अडकलेली फाईल दोन महिन्यांच्या आत सुटली, हे तुला सरकारी खात्यात राहून नवीन नसेल.

पुढच्या वर्षी इटलीत मेंतानाला ती गॅरिबाल्डी या इटालियन क्रांतिकारकाच्या माणसांवर चालली आणि फ्रेंच जनरल फायीनं कळवलं की शास्पोंनी कमाल केली. मला हे वाक्य घाणेरडं वाटतं, खरं सांगतो. समोर बरेचसे हौशी स्वयंसेवक होते.

१८७० ला फ्रान्स-प्रशिया युद्धात खरी परीक्षा. ड्रायझेचा नेमाचा पल्ला ६०० मीटरच्या आसपास, शास्पोचा १२०० पर्यंत, म्हणजे प्रशियन शिपाई स्वतःच्या बंदुकीच्या टप्प्यात यायच्या आधी निम्मं मैदान गोळ्या खात चालायचा. १८ ऑगस्टला सँ प्रिवाच्या उघड्या उतारावर प्रशियन गार्डचे सुमारे ८,००० मेले-जखमी झाले. आणि तरी फ्रान्स हरला! प्रशियाच्या, क्रुप कारखान्यातल्या पोलादी तोफा लांबून फोडत होत्या, फ्रेंच सेनापती एकमेकांची वाट बघत बसले, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला सेदानला खुद्द फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन शरण गेला. चांगली बंदूक होती, चालवणारे वरचे लोक भंगार होते, असं माझं मत. तू तोफांची बाजू घेशील, माहितीये.

पण मला चटका लावून गेलं ते वेगळंच. तहात अल्सास, म्हणजे हा सगळा इलाखा, जर्मनीला गेला, म्हणजे मुत्झिगही. ज्यानं फ्रान्सला बंदूक दिली त्याचं गावच परदेश झालं! पकडलेल्या शास्पो जर्मनांनी कापून घोडदळाच्या आखूड कार्बाइन बनवल्या आणि १८९३ पासून मुत्झिगच्या वरच्या टेकडीवर कैसरचा, म्हणजे जर्मन सम्राटाचा, अवाढव्य किल्ला उभा राहिला. इकडे फ्रान्सनं १८७४ मध्ये ग्रास नावाच्या अधिकाऱ्याकडून ती बंदूक धातूच्या काडतुसाची करून घेतली, रबराची गरजच संपली. शास्पो १९०५ ला पॅरिसजवळ गान्यीला वारला, तेव्हाही मुत्झिग जर्मनीतच होतं.

मी मुत्झिगला नंतर जाऊन आलो, छोटं गाव, नदी, मागे डोंगर, त्याच नावाची बिअर पण आहे, ती प्यायलो.

बंदूक घेतली नाही, किंमत ऐकून हात खिशातच राहिला, शिवाय हिनं फोनवर एका शब्दात विषय संपवला. फोटो पाठवतो वेगळे, बोल्टचे जास्त काढलेत.

आणि हो, डिसेंबरमध्ये येतोयस ना, येताना ५ लिटरच्या कुकरची रिंग घेऊन ये, दोन आण, इथं त्या मापाची मिळत नाही आणि आमची पार कडक झालीये, शिट्टीच होत नाही.

तुझा,
पक्या